मोठ्या जातीचं पिल्लू आणि त्याचं बिघडलेलं पोट

जव्हारच्या बाजारपेठेत, मोखाड्याच्या रस्त्याकडेला एखाद्या अंगणात आता जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर दिसतो. राखणीला दांडगं कुत्रं हवं, आसपास बिबट्याचा वावर आहे, किंवा मुलांनी हट्ट धरला, म्हणून मुंबई-नाशिकहून पिल्लू आणलं जातं. येतं तेव्हा ते जेमतेम दीड-दोन महिन्यांचं असतं. आईपासून नुकतंच तुटलेलं, घाटाच्या वळणांनी मळमळलेलं. आणि आधीच्या घरी ते काय खात होतं, हे विचारायचं राहून गेलेलं. चार-आठ दिवसांत शी पातळ होते आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. दूध बंद करा. दूधच द्या. भात द्या. भात अजिबात नको, महागाचं पाकीट आणा. अंगात ताकद नाही, कॅल्शियमचं औषध पाजा.

या सल्ल्यांमधले काही खरे असतात, काही निरुपद्रवी आणि काही पिल्लाला जन्मभराचं अधू करणारे. ते निवडताना माझ्या मते एक गोष्ट कायम डोळ्यांसमोर असावी. मोठ्या जातीच्या पिल्लाचं पोट बिघडवणाऱ्या आणि त्याची हाडं बिघडवणाऱ्या चुका पुष्कळदा एकच असतात. पिल्लू लवकर मोठं व्हावं या घाईनं जास्त खाऊ घालणं, रोज नवा पदार्थ घालून बघणं आणि वरून ताकदीची औषधं पाजणं. म्हणून ‘कोणतं खाणं?’ याआधी ‘पोट का बिघडलं?’ आणि ‘किती खातंय?’ हे दोन प्रश्न विचारायला हवेत.

मोठ्या जातीचं पिल्लू म्हणजे छोट्या कुत्र्याची मोठी आवृत्ती नव्हे. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतः सहा-सातशे ग्रॅमचं असतं आणि वर्ष-सव्वा वर्षात ५०-६० किलोंवर जातं. एवढं शरीर पेलणारी पचनसंस्था मात्र त्या मानानं लहान. छोट्या जातींत पचनसंस्थेचं वजन शरीराच्या सुमारे ७ टक्के असतं, तर अवाढव्य जातींत ते ३ टक्क्यांच्याही आत. शिवाय मोठ्या कुत्र्यांत अन्न मोठ्या आतड्यात जास्त वेळ रेंगाळतं, तिथं ते आंबतं आणि शी मुळातच थोडी मऊ असते. फ्रान्समधल्या नांत इथल्या पशुवैद्यकांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यामुळे एकच पाकीट खाऊन शेजारच्या पॉमेरेनियनची शी घट्ट आणि आपल्या शेफर्डची सैल, असं होऊ शकतं. पिल्लू खेळतंय, खातंय, वजन धरतंय आणि शी फक्त मऊ आहे, तर तो आजार समजून रोज खाणं बदलू नये.

खरा आजार असेल तर तो बहुतेक वेळा ताटातून आलेलाच नसतो. पहिला संशय जंतांवर घ्यावा. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात आणि अंकुशकृमी आईच्या दुधातून येतात. म्हणजे ‘आमच्या पिल्लानं मातीला तोंड लावलेलं नाही’ याला काही अर्थ नाही. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला दोन महिन्यांपर्यंत आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंताचं औषध, हा सर्वमान्य क्रम आहे. विकणाऱ्यानं ‘दिलंय’ म्हटलं तरी तारीख आणि औषधाचं नाव कागदावर मागावं. हे घरातल्या मुलांसाठीही आहे. कुत्र्याच्या गोल जंताची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात, अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीत शिरतात, आणि आपल्या पाड्यांवर मुलं अनवाणीच खेळतात.

दुसरा संशय पाण्यावर. जानेवारी-फेब्रुवारीनंतर मोखाड्यात विहिरी तळाला जातात आणि पुढे टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात उलटी गत, सगळं वाहून आलेलं पाणी दाराशी साचतं. जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी अशाच पाण्यातून पसरतात आणि आठवडेच्या आठवडे येत-जात राहणाऱ्या बुळबुळीत, घाण वासाच्या शीचं ते नेहमीचं कारण आहे. अशा वेळी हजारो रुपयांची पाकिटं बदलली तरी फरक पडत नाही. शीची तपासणी करून योग्य औषध आणि उकळून गार केलेलं पाणी, एवढ्यानं काम होतं.

तिसरं कारण सगळ्यांत भयंकर, ते म्हणजे पार्व्हो. हा विषाणू १९७८च्या सुमारास जगभर अचानक पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा मोठा मारेकरी राहिला आहे. उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूलपणा, अन्नावरून तोंड फिरवणं, यातलं काहीही चार महिन्यांच्या आतल्या पिल्लात दिसलं, तर आहाराची चर्चा थांबवून गाडी काढावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांवर मुख्य भार गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांचा असतो. कुत्र्याला दिवसचे दिवस सलाईनवर ठेवायची सोय हवी असेल तर जव्हारहून नाशिक साधारण ८० किलोमीटर आहे. परळचं १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलंच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय त्याहून बरंच लांब. हे अंतर आधीच हिशेबात धरून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात लस सुरू करणं आणि सोळा आठवड्यांपर्यंत तिचे डोस पुरे करणं, यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीबद्दल इथेच सांगितलं पाहिजे. माणसांच्या जुलाबावरची नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोलची जोडगोळी आपल्याकडे घरोघरी असते आणि तिचा अर्धा तुकडा पिल्लालाही दिला जातो. नॉरफ्लॉक्सासिन ज्या गटातलं आहे, त्या गटाची औषधं वाढत्या कुत्र्यांच्या सांध्यांतल्या कूर्चेला इजा करू शकतात आणि मोठ्या जातींमध्ये हा धोका जास्त काळ, वर्षभराच्या आणि अवाढव्य जातींत दीड वर्षाच्या वयापर्यंत, राहतो. जुलाब दोन दिवसांत थांबले आणि सहा महिन्यांनी पिल्लू लंगडायला लागलं, तर या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता प्रत्यक्ष खाण्याकडे. साधे जुलाब असतील, पिल्लू तरतरीत असेल, तर पहिले दोन-तीन दिवस काय द्यावं? जुनी रीत लंघनाची. प्रौढ कुत्र्याला एखादी वेळ उपाशी ठेवलं तर चालून जातं. दोन महिन्यांच्या पिल्लाला नाही. त्याच्या अंगात साठा नसतो, रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. दक्षिण आफ्रिकेत पार्व्होच्या पिल्लांवर झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. काही पिल्लांना उलट्या थांबेपर्यंत रीतीप्रमाणे उपाशी ठेवलं, काहींना पहिल्या दिवसापासून नाकातल्या नळीनं थोडं थोडं अन्न दिलं. ज्यांना अन्न मिळालं ती लवकर सावरली. आतड्याचं अस्तर बरंचसं पोटात येणाऱ्या अन्नावर जगतं, हे त्याचं कारण. जव्हार-मोखाड्यात ही गोष्ट नवी वाटू नये. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि इथल्या आशाताई, अंगणवाडीताई आजही घरोघरी आयांना सांगतात की जुलाबात बाळाचं खाणं-पिणं बंद करू नका. या कामाची आणि कुत्र्याच्या संगोपनाची बरोबरी कुणी करू नये. पण शरीराचा नियम दोन्हीकडे तोच आहे.

म्हणून या दिवसांत गुरगुट्या भात, त्यात कातडी-चरबी काढलेली, हाडाविना उकडलेली कोंबडी किंवा उकडलेलं अंडं. मीठ, मसाला, तेल, कांदा-लसूण काही नाही. कांदा-लसूण तर कुत्र्याच्या तांबड्या पेशीच मोडतात. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. दूध बंद, म्हशीचं तर नक्कीच. आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवायची ताकद पिल्लात कमी होत जाते. गोडं ताजं ताक किंवा दही चमचा-दोन चमचे बहुतेकांना सोसतं. चहाची बिस्किटं नकोत. सुकट-बोंबील खारवलेलं असतं, तेही नको. नाचणीची आंबील चांगली, पण जुलाब थांबल्यावर. नाचणीतला तंतुमय भाग भाताहून कितीतरी जास्त असतो.

भात कुत्र्याला पचत नाही, तो मांसाहारीच प्राणी, असं हल्ली आवर्जून सांगितलं जातं. ते खरं नाही. स्वीडनच्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की लांडग्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीबरोबर राहून कुत्रा आतून बदललेला आहे. पाड्यावरचा गावठी कुत्रा भात-भाकरीवर जगतो त्यामागे हा दीर्घ इतिहास आहे.

पण खरी चूक यानंतर होते. भात-कोंबडीवर जुलाब थांबतात, पिल्लू आवडीनं खातं, आणि तेच कायमचं जेवण होऊन बसतं. हा हिशेब एकदा मांडून बघू. तीन महिन्यांचं, दहा किलोंचं पिल्लू धरू. त्याला दिवसाला साधारण १००० किलोकॅलरी लागतात. त्या भागवायला ४०० ग्रॅम शिजलेला भात आणि ३०० ग्रॅमच्या आसपास उकडलेली कोंबडी पुरते. एवढ्या जेवणातून कॅल्शियम मिळतं १०० मिलिग्रॅमच्या आत. अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेचं, म्हणजे आफ्कोचं मानक सांगतं की वाढत्या पिल्लाला १००० किलोकॅलरीमागे किमान ३ ग्रॅम हवं. म्हणजे गरजेच्या तिसाव्या हिश्शाइतकंच पोटात गेलं. उलट मांसातून फॉस्फरस येतो कॅल्शियमच्या आठपट. अशा जेवणावर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणत राहतं, हाडं पातळ होतात, पाय वाकतात, साध्या उडीनं मोडतात. शी मात्र उत्तम असते, म्हणून कुणाला शंका येत नाही.

मग नाचणी? आपल्या भागात भात, नाचणी, वरई, उडीद आणि खुरासणी ही पिकं, आणि नाचणीत कॅल्शियम भरपूर हे सगळ्यांना ठाऊक. माणसासाठी ते खरंच आहे: १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, तांदळात १०-१५. पण पिल्लाची गरज आपल्यासारखी नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १ ग्रॅम कॅल्शियम पुरे. दहा किलोंच्या या पिल्लाला तीन ग्रॅम. ते फक्त नाचणीतून द्यायचं तर रोज सुमारे साडेआठशे ग्रॅम पीठ शिजवावं लागेल, आणि त्यात कॅलरी होतील पावणेतीन हजारांच्या वर. शिवाय नाचणीतलं फायटेट त्यातलं काही कॅल्शियम बांधून ठेवतं. भिजवून, मोड आणून सत्त्व केलं तर ते कमी होतं, पूर्ण जात नाही. नाचणी पिल्लाच्या ताटात जरूर असावी, भाताच्या बदली थोडी थोडी. पण तिच्या भरवशावर शेफर्डची हाडं उभी राहणार नाहीत.

हे वाचून कुणी लगेच कॅल्शियमची बाटली आणेल, आणि दुसऱ्या बाजूची दरी तिथंच आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हर्मन हॅझेविंकेल यांनी १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर काम केलं. काहींच्या खाण्यात कॅल्शियम १.१ टक्के, काहींच्या ३.३ टक्के. जास्तवाल्यांची हाडं आणि कूर्चा बिघडली. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाचं आतडं नको असलेलं कॅल्शियम अडवू शकत नाही. जेवढं येईल त्यातलं बरंचसं आत घेतं. म्हणूनच आफ्कोनं मोठ्या जातींसाठी वरची मर्यादाही घातली आहे: सुक्या अन्नाच्या १.८ टक्के, म्हणजे १००० किलोकॅलरीमागे साडेचार ग्रॅम. तीन आणि साडेचार यांच्यामधली ही पट्टी अरुंद आहे. अंड्याच्या एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. संपूर्ण आहार असलेल्या पाकिटावर रोज एका कवचाची पूड टाकली तरी पिल्लू मर्यादेबाहेर जातं. पाकीट नीट असेल तर वरून काहीही नको. घरचं जेवण असेल तर कवचाची पूड लागणारच, पण ती किती, हे वजन आणि जेवण पाहून पशुवैद्यकानं ग्रॅममध्ये सांगावं. अंदाजानं चिमूट टाकणं दोन्ही बाजूंनी घातक.

माझा कौल म्हणून असा आहे: मोठ्या जातीचं पिल्लू घेतलंच असेल तर निदान पहिलं वर्ष-सव्वा वर्ष त्याच्या खाण्याचा कणा ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं तयार खाद्य असावं. घरच्या जेवणाच्या मी विरोधात नाही. पण वाढीच्या वयात ही अरुंद पट्टी रोज सांभाळणं घरच्या पातेल्यात फार अवघड जातं. पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन गोष्टी शोधाव्यात. एक, तो वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार आहे का. आणि दोन, त्यात प्रौढपणी ७० पौंड, म्हणजे साधारण ३२ किलो किंवा जास्त वजन होणारी कुत्री धरली आहेत का. दुसरं वाक्य नसेल तर पुढच्या बाजूचं चित्र कितीही रुबाबदार असो, ते पाकीट आपलं नाही. घरातलं अंडं, भात, भाजी, नाचणी दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागापुरती ठेवावी.

धान्याविना बनवलेल्या महागड्या खाद्याचा मोह पोटाच्या तक्रारीत हटकून होतो. २०१६ साली म्युलर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या अन्नाच्या अ‍ॅलर्जीची २९७ प्रकरणं एकत्र पाहिली. त्यात गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, कोंबडी १५ आणि गहू १३ टक्के. तांदूळ खूप मागे. २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा धान्यविरहित, कडधान्यांवर बेतलेल्या खाद्यांचा आणि हृदयाच्या एका आजाराचा संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. कार्यकारण सिद्ध झालं नाही, पण जास्तीचे पैसे मोजायला कारणही सापडलं नाही. खरंच अन्न सोसत नाही असा संशय असेल, जंत-जिआर्डिया तपासून झाले असतील, तर प्रथिनाचा उगम एकदाच बदलावा आणि दोन-तीन आठवडे दुसरं काहीही तोंडात पडू देऊ नये. पोटाच्या तक्रारीला एवढ्या अवधीत उत्तर मिळतं. दर चार दिवसांनी पाकीट बदलणाऱ्याला ते कधीच मिळत नाही.

शेफर्डवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. पिल्लू अधाशासारखं खातंय, तरी बरगड्या निघाल्यात, आणि शी ढीगभर, फिकट, तेलकट होते, तर स्वादुपिंडातून पाचकरस कमी येत असण्याची शक्यता असते. या जातीत तो दोष जास्त आढळतो. रक्ताच्या एका तपासणीनं तो कळतो, आणि विकरांची पूड खाण्यात मिसळून असं कुत्रं नीट जगतं.

नवं खाद्य सुरू करताना जुन्यात चौथाई मिसळून आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल करावा. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहापर्यंत तीन वेळा आणि पुढे जन्मभर निदान दोन वेळा. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याला एकदम भरपेट घालणं पोटाला पीळ पडण्याचं आमंत्रण असतं. आणि मापानं घालावं. पाकिटावरचा तक्ता बहुधा सढळ असतो, त्याच्या थोडं खालून सुरुवात करावी. अमेरिकेत लॅब्राडोरच्या २४ जोड्यांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न दिलं. कमी खाणारी कुत्री मध्यमानानं १३ वर्षं जगली, दुसरी ११.२, खुब्याचे दोषही त्यांच्यात कमी. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागाव्यात, पण दुरून दिसू नयेत, ही घरच्या घरी करायची परीक्षा आहे. गुबगुबीत पिल्लाचं कौतुक होतं खरं, पण ते वजन कोवळ्या हाडांवर पडत असतं आणि जादा अन्न न पचता शीतून बाहेर येत असतं. कित्येक ‘नाजूक पोटाची’ पिल्लं खाणं पाचव्या हिश्शानं कमी केल्यावर बरी होतात.

साठवणीचा प्रश्न आपल्याकडे जून ते सप्टेंबर फार मोठा असतो. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, ढग घरात शिरतात, भिंती ओलावतात. वीस किलोंची गोणी स्वस्त पडते म्हणून आणली आणि तोंड उघडं राहिलं, तर पंधरा दिवसांत तिला बुरशीचा वास येतो. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत निकामी करतं. अमेरिकेत २०२०च्या अखेरीस अशाच दूषित खाद्यानं शंभराहून अधिक कुत्री दगावल्याची नोंद झाली. पावसाळ्यात तीन किलोंची पाकिटं आणावीत आणि पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. दुकानातलं सुटं खाद्य घेऊ नये. त्याला ना तारीख असते ना कुणाची जबाबदारी.

राहिला खर्च. ज्या तालुक्यांतली कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात, तिथं कुत्र्यासाठी महिन्याला काही हजार बाजूला काढणं फार थोड्यांना शक्य आहे. दहा किलोंच्या पिल्लाला रोज २७०-२८० ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला आठ किलोंच्या वर, आणि पिल्लू वाढेल तसं ते दुपटीवर जातं. पिल्लू आणण्याआधी हा आकडा, लसींचा खर्च आणि नाशिकच्या एका तातडीच्या फेरीचा खर्च कागदावर मांडावा. तो झेपणारा नसेल तर गावातल्याच एखाद्या सशक्त कुत्रीचं पिल्लू घ्यावं. वीस किलोंच्या आत थांबणारं ते शरीर सावकाश वाढतं, कॅल्शियमची पट्टी त्याला इतकी अरुंद नसते. त्यालाही जंताचं औषध आणि लस हवीच. पण भात-नाचणी, रोज एखादं अंडं, कधी ताजी मासळी आणि पशुवैद्यकानं मोजून दिलेली कवचाची पूड एवढ्यावर ते चांगलं उभं राहतं आणि बिबट्याची चाहूलही आधी त्यालाच लागते.